ड्रमवर माणूस बसला तेव्हा: डेपेश मोड रॉककडे वळल्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९३ मध्ये डेपेश मोडचं 'आय फील यू' हे गाणं आलं तेव्हा पहिले काही क्षण कानांना काही कळतच नव्हतं. पत्र्यावरून खिळा ओढावा तसा लांबलेला चिरका आवाज, आणि तो विरतो न विरतो तोच गिटारची जाड, ब्लूजच्या वळणाची ओळ. तिच्याखाली जड पावलं टाकत, किंचित झुलत चालणारे ड्रम. स्टार टीव्हीमुळे एमटीव्ही आपल्याकडच्या केबलवर दिसायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी हे गाणं पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्यांच्या घरी, दारात उभा राहून. गायकाचे केस खांद्यावर रुळलेले, दंडावर गोंदण. गीतकाराच्या गळ्यात गिटार. आणि मागे ड्रमसेटवर बसलेला माणूस बाहेरचा कुणी नव्हता, बँडमधलाच कीबोर्डवाला होता. 'व्हायोलेटर' या त्यांच्या आधीच्या अल्बमची भरून घेतलेली कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेल्या आम्हा दोघातिघांना ही तीच चौकडी आहे हे पटायला जरा वेळ लागला.

एका सिंथ बँडने, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डांवर चालणाऱ्या बँडने, ड्रम आणि गिटार हातात घेतले, एवढीच खरं तर बातमी. पण तिच्यावरून तेव्हा जो वाद पेटला तो तीस वर्षांनंतरही चाहत्यांमध्ये धुमसतोच आहे. बाजार बघून रॉकच्या रांगेत जाऊन उभे राहिले, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, तोवरची उसनी थंडी टाकून ते पहिल्यांदा माणसासारखे वाजले. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात, आणि ती का, हे कळायला त्या ड्रमचं नेमकं काय केलं गेलं ते पाहावं लागतं. तिकडे जाण्याआधी थोडं मागे.

इंग्लंडमधल्या बॅसिल्डन गावच्या या मुलांची सुरुवातीची कथा बहुतेकांना पाठ आहे, तेव्हा ती सगळी पुन्हा सांगत बसत नाही. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे. बँडचं पहिलं रूप गिटारवालंच होतं. एकाकडे गिटार, एकाकडे बास. १९८० च्या सुमारास त्यांनी ती बाजूला ठेवली आणि सिंथ घेतले. यात तत्त्वाइतकाच सोयीचा भाग होता. सिंथ काखेत मारून रेल्वेने लंडनला नेता येई, अॅम्प्लिफायरचं धूड लागत नसे, क्लबच्या स्पीकरला थेट जोडलं की काम सुरू. ड्रमवाला तर नव्हताच. त्याच्या जागी आधी तालयंत्र आलं आणि पुढे टेप. हा टेपरेकॉर्डर ते पडद्याआड लपवत नसत, रंगमंचावर सगळ्यांना दिसेल असा ठेवत. चौथा वादक म्हणा हवं तर.

हा उघडेपणा त्यांना महागात पडला. ब्रिटनमधल्या संगीत साप्ताहिकांनी 'बटणं दाबणारी पोरं' हा शिक्का त्यांच्यावर मारला आणि तो कित्येक वर्षं पुसला गेला नाही. त्या काळची हवाच तशी होती. १९८२ मध्ये वादकांच्या ब्रिटिश संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथ आणि तालयंत्रांवर बंदी घालावी असा ठरावच केला होता, कारण जिवंत वादकांचा रोजगार जाईल ही भीती. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला तेव्हा कोंगो-बोंगोवाल्यांच्या पोटात जो गोळा आला असेल, तोच हा. भीती खोटी नव्हती. पण तिच्यातून 'यंत्राने वाजवलेलं ते खोटं, हाताने वाजवलेलं ते खरं' अशी एक सरधोपट वाटणी तयार झाली. डेपेश मोडला या वाटणीचा जाच पुढे दहा वर्षं होत राहिला.

आता शब्दांचा एक गुंता. 'न्यू वेव' म्हणजे सिंथ, आणि 'रॉक' म्हणजे गिटार, असं आज आपण सहज धरून चालतो. सुरुवातीला असं काही नव्हतं. १९७७-७८ मध्ये न्यू वेव हा शब्द चालायचा तो पंकच्या पाठोपाठ आलेल्या गिटारवाल्या बँडसाठीच. पंक म्हटलं की अमेरिकेतली रेडिओ केंद्रं दार लावून घेत, म्हणून तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी हा जरा सोवळा शब्द पुढे रेटला. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं, केसांच्या तऱ्हा आणि सिंथ घेऊन आलेले ब्रिटिश बँड त्यावर झळकायला लागले, आणि शब्द त्यांना चिकटला. ब्रिटनमध्ये याच मंडळींना सिंथ-पॉप म्हणत. म्हणजे एकच बँड एका किनाऱ्यावर पॉप, दुसऱ्यावर न्यू वेव.

त्यात आणखी एक भर पडली. सप्टेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या संगीतव्यवसायाच्या एका साप्ताहिकाने 'मॉडर्न रॉक' नावाची वेगळी यादी छापायला सुरुवात केली. विद्यापीठांची आणि काही मोठ्या शहरांतली पर्यायी रेडिओ केंद्रं काय वाजवतात त्यावर ती बेतलेली होती. १९९० मध्ये 'एन्जॉय द सायलेन्स' या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, पाठोपाठ 'पॉलिसी ऑफ ट्रुथ'ही. ही दोन्ही गाणी यंत्रांच्या ठेक्यावर चालतात, जिवंत ड्रमवाला दोन्हींत शोधूनही सापडणार नाही. तरी अमेरिकेच्या लेखी ते रॉक होतंच. म्हणून १९९३ मध्ये ते 'रॉककडे वळले' असं म्हणताना कुठल्या देशातून बघतोय हे आधी सांगायला हवं. लंडनच्या समीक्षकाला जे वळण वाटलं ते लॉस एंजेलिसच्या श्रोत्याला रस्ता सरळ पुढे जाण्यासारखं होतं.

वळणाच्या खुणा आधीपासून दिसत होत्याच. १९८७ च्या 'म्युझिक फॉर द मासेस' अल्बमची सुरुवात 'नेव्हर लेट मी डाउन अगेन'ने होते. त्यातले ते प्रचंड, गुहेत वाजल्यासारखे ड्रम आठवून पाहा. ते लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधून उचललेले आहेत. रॉकच्या इतिहासातला सर्वांत ओळखीचा ड्रमचा आवाज, सॅम्पलरमध्ये, म्हणजे मुद्रित आवाज साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, कापून, सिंथच्या गाण्याखाली अंथरलेला. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी एका सिंगलच्या मागच्या बाजूला 'रूट ६६' हे जुनं अमेरिकन गाणं गिटारसकट केलं. जून १९८८ मध्ये पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये दौऱ्याचा १०१ वा प्रयोग झाला आणि ६० हजारांहून अधिक लोक आले. एवढं मोठं मैदान, आणि रंगमंचावर एकही ड्रमवाला नाही. टेप फिरते आहे, चौघं आपापल्या जागी, आणि शेवटी हजारो हात एकदम गव्हाच्या शेतासारखे डोलताहेत. ते चित्रण मी जेव्हा जेव्हा पाहिलंय तेव्हा हेच मनात आलंय की या बँडला स्टेडियम जिंकायला ड्रमची गरज नव्हती. हे लक्षात ठेवावं लागेल. गरज नसताना त्यांनी ते का घेतले, हा प्रश्न त्यामुळेच मोठा होतो.

१९८९ च्या उन्हाळ्यात मिलानमध्ये 'पर्सनल जीझस' झालं. गिटारची ती ठसक्यातली ओळ सगळ्यांना माहीत आहे. तिच्याखालचा धपधप ठोका मात्र ड्रमचा नाही. वाद्यं वाहून न्यायच्या मोठ्या पेट्यांवर दोघातिघांनी उड्या मारल्या, तो आवाज ध्वनिमुद्रित केला, कापला आणि ठेक्यात बसवला. याच काळात 'एन्जॉय द सायलेन्स' घडलं. गीतकाराने आणलेला कच्चा नमुना होता हार्मोनियमच्या सुरावरचं संथ गाणं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच भजनातली पेटी येते, आणि खरं सांगायचं तर ती चाल पेटीवर धरून पाहिली की सुंदर वाटते, मी घरी धरून पाहिली आहे. कीबोर्डवाल्याने सुचवलं की याला वेगाचा ठेका देऊ. गीतकाराला ते आधी रुचलं नाही. शेवटी तो तयार झाला, गिटारवर एक छोटी ओळ वाजवली, आणि बँडचं सर्वांत मोठं गाणं जन्माला आलं. मार्च १९९० मध्ये 'व्हायोलेटर' आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डच्या दुकानात सह्यांसाठी इतके हजार लोक लोटले की पोलिसांना कार्यक्रम बंद करावा लागला.

म्हणजे १९९० च्या शेवटी त्यांच्याकडे सगळं होतं. यशस्वी पद्धत होती, ती चालवणारे हात होते, आणि ब्रिटनमधल्या टीकेचा आवाजही बराच खाली आला होता.

मग दोन गोष्टी झाल्या. गायक लॉस एंजेलिसला राहायला गेला. १९९१ मध्ये निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' आला, आणि बघता बघता अमेरिकेतल्या तरुण कानांना सुबक, घासूनपुसून ठेवलेला आवाज नकोसा झाला. गायक त्या वातावरणात बुडाला. १९९२ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी तो माद्रिदला उतरला तेव्हा वाढलेले केस, दाढी आणि अंगावरची गोंदणं बघून बाकीचे तिघे चपापले. आपण रॉक बँड व्हायचं, हा त्याचा आग्रह होता.

दुसरी गोष्ट निर्मात्याची. 'व्हायोलेटर'चा निर्माता मधल्या काळात एका आयरिश बँडच्या अल्बमवर काम करून आला होता. तो अल्बम आधी बर्लिनच्या ज्या स्टुडिओत सुरू झाला तिथेच डेपेश मोडने ऐंशीच्या दशकात आपले तीन अल्बम सिद्ध केले होते. पुढचं काम झालं ते डब्लिनजवळच्या समुद्रकाठच्या एका भाड्याच्या घरात. घरातच स्टुडिओ मांडायचा, सगळ्यांनी तिथेच राहायचं, खायचं, वाजवायचं, हा प्रकार त्याला भावला होता. म्हणून माद्रिदच्या बाहेर एक व्हिला घेतला गेला.

त्या आयरिश चौकडीला एका खोलीत मिळून वाजवायची सवय होती. डेपेश मोडला ती मुळातच नव्हती. त्यांची रीत वेगळी होती. गीतकार कच्चं गाणं आणायचा, कीबोर्डवाला आणि निर्माता ते उलगडून पुन्हा बांधायचे, गायक गाऊन जायचा, चौथा कारभार बघायचा. एकत्र राहिल्याने ही चौघं जवळ आली नाहीत, उलट एकमेकांपासून पळायला त्यांना जागा उरली नाही. गायक बराच वेळ आपल्या खोलीत चित्रं काढत बसे. पहिल्या टप्प्यातून हाती फारसं काही लागलं नाही. पुढचं काम हॅम्बुर्ग आणि लंडनला हलवावं लागलं.

पण त्या व्हिलातच ड्रमचा निर्णय झाला, आणि तिथे मला सावकाश बोलायचं आहे. याच निर्णयाबद्दल सर्वांत जास्त बोललं गेलंय आणि सर्वांत कमी समजून घेतलं गेलंय.

बाहेरून ड्रमवाला आणायचा नाही, हे पहिलं ठरलं. ड्रम वाजवले कीबोर्डवाल्याने. हा बँडमधला शास्त्रशुद्ध शिकलेला वादक, हात पियानोचे. व्हिलातल्या वेगवेगळ्या खोल्यांत ड्रमसेट मांडला गेला, कारण प्रत्येक खोलीची घुमार वेगळी. तो वाजवत राहिला, टेप चालत राहिली. आतापर्यंतचं सगळं कुठल्याही रॉक बँडसारखं. पण त्यानंतर ते थांबले नाहीत. वाजवलेल्या त्या मिनिटामिनिटांच्या वादनातून चांगले तुकडे निवडले, सॅम्पलरमध्ये घातले आणि संगणकावरच्या सिक्वेन्सरने, म्हणजे ठरवलेल्या क्रमाने आवाज वाजवणाऱ्या प्रणालीने, ते फिरवले. तुमच्या-माझ्या कानावर 'आय फील यू'मध्ये जे ड्रम पडतात ते माणसाने वाजवलेले आहेत आणि यंत्राने मांडलेले आहेत.

याने काय होतं ते जवळून ऐकायला हवं. समजा चार मात्रांचे दोन फेरे निवडले. माणसाने वाजवलंय, म्हणून तिसऱ्या मात्रेला पाय केसभर उशिरा पडलाय, एका जागी टिपरी किंचित हलकी लागलीय. तालयंत्राच्या ठोक्यात हे कधीच नसतं. आता हेच दोन फेरे पुन्हा पुन्हा फिरवले की तो केसभर उशीर दर फेऱ्याला नेमका त्याच जागी, तेवढाच येतो. खऱ्या ड्रमवाल्याकडून असंही कधी होत नाही. तो दर फेऱ्याला थोडा वेगळा चुकतो, थोडा वेगळा सावरतो. म्हणजे कानावर पडतं ते धड यंत्रही नसतं आणि धड वादकही नसतो. झुलणं माणसाचं, आणि ते झुलणं न बदलण्याचा हट्ट यंत्राचा. या अल्बममधला तो दाब, छातीवर कुणी हात ठेवल्यासारखा, तो इथून येतो असं मला वाटतं. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवरचा लेहरा तोच तोच फिरत राहतो आणि तबला त्याच्यावर बदलत जातो. इथे ठेकाच लेहरा झालाय, आणि बदलत जायचं काम गळ्याकडे आलंय. गायक इतका पेटून का गातो, याचं निम्मं उत्तर मला या मांडणीत दिसतं. बाकी सगळं जागच्या जागी फिरतंय, हलणारा तो एकटाच आहे.

मग हे रॉक का? रॉकच्या बाजूच्या समीक्षकांनी तेव्हा विचारलं की ड्रम वाजवायचेच होते तर सरळ वाजवून ठेवायचे होते, कापाकापी कशाला? जुन्या सिंथवाल्या चाहत्यांनी विचारलं की शेवटी लूपच, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, असं करायचं होतं तर ड्रमचा घाट कशाला? दोघांचाही प्रश्न तोच आहे आणि दोघांनीही मागचं विसरून तो विचारला आहे. १९८३ मध्ये हीच मंडळी पूर्व लंडनमधल्या बांधकामांवर फिरत होती, पत्रे आणि पाइप बडवून आवाज गोळा करत होती आणि स्टुडिओत येऊन त्यांचे ठेके बांधत होती. १९८७ ला त्यांनी लेड झेपलिनचे ड्रम तसेच घेतले. १९८९ ला पेट्यांवर उड्या मारल्या. हाताने, पायाने, अंगाच्या जोराने काहीतरी बडवायचं, ते टिपायचं, कापायचं, आणि यंत्राच्या शिस्तीत बसवायचं, ही त्यांची दहा वर्षांची सवय होती. माद्रिदमध्ये बडवायची वस्तू बदलली, इतकंच. पत्र्याच्या जागी कातडं आलं. हे वळण मला म्हणूनच 'रॉककडे' गेलेलं वाटत नाही. रॉकला त्यांनी बांधकामावरच्या पत्र्यासारखं वापरलं.

गायकाला मात्र असं वाटत नसणार. त्याला खरोखरचा रॉक बँड हवा होता, आणि त्याच्या आग्रहाशिवाय ड्रमसेट त्या व्हिलात आलाच नसता. कीबोर्डवाल्याला हवा होता तो सैलपणा, कारण 'व्हायोलेटर'सारखंच पुन्हा करण्यात त्याला रस नव्हता. गीतकाराचे कच्चे नमुने नेहमीसारखेच होते, आणि त्यांचं रूप इतकं बदललेलं त्याला किती मानवलं हा प्रश्नच आहे. चौथा भिडू या सगळ्यात सर्वांत अवघडलेला. एका निर्णयामागे चार वेगळे हेतू होते. बँडने रॉक व्हायचं ठरवलं, असं एका वाक्यात लिहिलं की ते सगळे हेतू पुसले जातात.

गिटार आणि ड्रमच्या गदारोळात अल्बममधल्या बाकीच्या गोष्टींकडे लक्ष कमी गेलं. 'कंडेम्नेशन' हे सर्वांत धाडसी गाणं आहे असं मी मानतो, आणि त्यात रॉक जवळजवळ नाहीच. त्याची सुरुवात एका खोलीत सगळ्यांनी मिळून केलेल्या प्रयोगातून झाली. एकाने काठीने पेटी बडवायची, निर्मात्याने आणि गायकाने टाळ्या वाजवायच्या, एकाने ढोलासारखा ड्रम, एकाने ऑर्गन. भजनी मंडळात असतं तसंच चित्र. तो प्रयोग तसाच्या तसा अल्बमवर गेला नाही, पण गाण्याची दिशा त्याने ठरवली. ही दिशा अमेरिकेतल्या चर्चच्या गॉस्पेल गायनाची. 'गेट राइट विथ मी'मध्ये तर गॉस्पेलचे गायक-गायिका थेट आहेत. 'वन करेस'मध्ये ना ड्रम ना सिंथ, गीतकार तंतुवाद्यांच्या ताफ्यासोबत एकटा गातो. 'जूडास'ची सुरुवात आयरिश पाइपच्या सुराने होते. 'वॉकिंग इन माय शूज'मधली पियानोची ओळ गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून काढून मळवलेली आहे. दहा गाण्यांपैकी ज्यांना निखळ रॉक म्हणता येईल अशी तीन निघतील, फार तर चार.

२२ मार्च १९९३ ला 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' या नावाने अल्बम आला. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे थेट पहिल्या क्रमांकावर. 'व्हायोलेटर' ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत पोचला होता. ब्रिटनमध्ये तर पहिला क्रमांक त्यांना पहिल्यांदाच मिळत होता. मॉडर्न रॉकच्या यादीत 'आय फील यू' आणि 'वॉकिंग इन माय शूज' दोन्ही वर गेली. पण सर्वसाधारण अमेरिकन यादीत 'आय फील यू' ३७ व्या क्रमांकाला अडलं, जिथे तीन वर्षांपूर्वी 'एन्जॉय द सायलेन्स' आठव्यापर्यंत गेलं होतं. बाजारासाठी रॉकच्या रांगेत गेले म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

रंगमंचावर गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. मे १९९३ मध्ये फ्रान्समधून दौरा निघाला. रंगमंच दोन मजली. वर सिंथ घेऊन तिघे, खाली गायक एकटा. मग काही गाण्यांना वरची मंडळी खाली उतरत. गीतकार गिटार घेई, कीबोर्डवाला ड्रमवर बसे, दोन गॉस्पेल गायिका मागे उभ्या. जिना उतरून खाली येणं प्रेक्षकांना स्पष्ट दिसावं अशीच ती रचना होती. पण ड्रम वाजत असतानाही आधी मुद्रित केलेले आवाज चालूच असत, आणि ड्रमवाल्याला त्यांच्या वेगाला बांधून घ्यावं लागे. इथे स्टुडिओच्या बरोबर उलट. तिथे यंत्राने माणसाला कापून शिस्तीत बसवलं होतं, इथे माणूस रोज रात्री आपणहून यंत्राच्या शिस्तीत बसत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी त्याच दहा गाण्यांचा, त्याच क्रमाने, प्रयोगांमध्ये ध्वनिमुद्रित केलेला अल्बम काढला. तो फारसा कुणी विकत घेतला नाही, पण या वादात रस असणाऱ्याने दोन्ही एकामागून एक ऐकावेत. स्टुडिओतलं 'रश' आणि मैदानातलं 'रश' ऐकलं की लूपने काय दिलं आणि काय हिरावलं हे आपोआप कळतं.

जानेवारी १९९४ मध्ये 'इन युअर रूम' सिंगल म्हणून आलं, तेव्हा ते नव्याने मिसळायला (मिक्स करायला) दिलं 'नेव्हरमाइंड'च्याच निर्मात्याकडे. मूळ सहा मिनिटांहून लांब, श्वास रोखून चालणारं गाणं त्याने आवळलं आणि गिटार-ड्रमच्या भरीव अंगाने मांडलं. अस्सल रॉक म्हणावं असं काही या प्रकरणात असेल तर ते हे, आणि ते बँडच्या बाहेरच्या हातून घडलं. पुढे कित्येक दौऱ्यांत बँड हेच रूप वाजवत राहिला. नक्कल मुळापेक्षा वरचढ ठरली, याची मला आजही खंत वाटते. मूळ गाण्यात शेवटच्या टप्प्यात ड्रम उसळून येतात तोवर जी वाट पाहायला लावली आहे, ती सिंगलमध्ये उरत नाही.

दौरा थांबला नाही. डिसेंबरमध्ये लंडनला तो संपला असं वाटेपर्यंत फेब्रुवारी १९९४ मध्ये जोहान्सबर्गहून पुन्हा सुरू झाला आणि ८ जुलैला इंडियानापोलिसमध्ये संपला. दीडशेहून अधिक प्रयोग. सोबत मानसोपचारतज्ज्ञ घेतलेला होता. रॉक बँड म्हणून जगण्याच्या ज्या दंतकथा आहेत त्या सगळ्या त्या दौऱ्यात खऱ्या झाल्या, आणि त्यांचं वर्णन चवीने करणाऱ्यांची मला चीड येते. गायक हेरॉइनच्या विळख्यात होता. चौथा भिडू १९९४ मध्ये मनःस्वास्थ्य ढासळल्याने दौरा अर्धवट सोडून घरी गेला. जून १९९५ मध्ये कीबोर्डवाल्याने बँड सोडला. कामाचा भार एकावरच पडतो आणि त्याची कदर होत नाही, हे त्याचं म्हणणं. मे १९९६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अतिसेवनाने गायकाचं हृदय दोन मिनिटं बंद पडलं होतं. तो वाचला. ड्रम घेतल्याने हे झालं असं कुणी म्हणू नये. पण रॉक बँड होण्याचा अर्थ एकाला वाद्यांमध्ये सापडत होता आणि दुसऱ्याला जगण्यात, ही फट माद्रिदमध्येच दिसली होती.

१९९७ च्या 'अल्ट्रा'मध्ये उरलेले तिघे पुन्हा यंत्रांकडे, संथ आणि अंधाऱ्या ठेक्यांकडे गेले. रॉकचा प्रयोग संपला असं तेव्हा लिहिलं गेलं. पण १९९८ च्या दौऱ्यात त्यांनी एक ऑस्ट्रियन ड्रमवादक सोबत घेतला, आणि तो आजतागायत त्यांच्या मागे बसलेला आहे. म्हणजे अल्बम यंत्रांकडे परतले आणि रंगमंचावर ड्रम कायमचे राहिले. जिथे १९८८ मध्ये ६० हजार लोकांना टेप पुरली होती, तिथे आता 'एव्हरीथिंग काउंट्स'सारख्या १९८३ च्या गाण्यालाही जिवंत ड्रम असतात. यावर चाहत्यांत जितकं भांडण होतं तितकं दुसऱ्या कशावर होत नाही. मला विचाराल तर जुन्या गाण्यांवर ते ड्रम जड होतात. पत्रे बडवून बांधलेल्या त्या ठेक्यांत जी हवा होती ती भरून जाते. आणि १९९३ च्या गाण्यांवर ते सैल पडतात, कारण दर फेऱ्याला त्याच जागी पडणारा तो केसभर उशीर कुणा वादकाला रोज रात्री आणता येत नाही.

ज्याने तो उशीर पहिल्यांदा वाजवला आणि मग स्वतःच कापून फिरवला, तो कीबोर्डवाला बँडबरोबर पुन्हा एकदाच रंगमंचावर दिसला. फेब्रुवारी २०१० मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, कर्करोगग्रस्त किशोरांच्या मदतीसाठी झालेल्या प्रयोगात. एका गाण्यापुरता. तो येऊन पियानोवर बसला, १९८४ चं 'समबडी' वाजवलं, गीतकार त्याच्या शेजारी उभा राहून गायला. त्या गाण्याला ठेका नाही.